वसेल त्याचा देश

उत्तर इटलीत, विचेन्झा शहराच्या वरच्या डोंगरात लुझियाना नावाचं गाव आहे. डिसेंबर 1946 मध्ये तिथे एक मुलगी जन्मली. पुढे तिने एका भारतीय तरुणाशी लग्न केलं, 1983 साली ती भारताची नागरिक झाली, आणि 1999 साली तिच्या ‘विदेशी मुळा’वरून महाराष्ट्राच्या राजकारणात एक नवा पक्ष उभा राहिला. सोनिया गांधींचं हे जन्मगाव. याच गावातून त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी फ्रेल्लो आडनावाचा एक माणूस ब्राझीलला गेला. त्याचा खापरपणतू ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाढला, पंधराव्या वर्षाच्या आसपास फुटबॉल खेळायला इटलीत आला, खापरपणजोबांच्या नात्यावर इटालियन ठरला आणि जुलै 2021 मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर इटलीच्या संघातून युरोपचा विजेता झाला. तो जॉर्जिन्यो.

तिसरा माणूस लुझियानाचा नाही. मारिओ बालोतेल्ली 1990 साली सिसिलीतल्या पालेर्मोत जन्मला. आईवडील घानाहून आलेले. लहानपणापासून ब्रेशाजवळच्या एका इटालियन कुटुंबाने त्याला सांभाळलं, त्यांचंच आडनाव त्याने लावलं. पण ते सांभाळणं कायद्याच्या भाषेत दत्तक नव्हतं. म्हणून इटलीत जन्मून, इटलीत शाळा शिकून, इटालियन घरात जेवूनही तो अठरा वर्षं पुरी होईपर्यंत परदेशीच राहिला. ऑगस्ट 2008 मध्ये, अठरावा वाढदिवस झाल्यावर, त्याला नागरिकत्व मिळालं. तोवर इटलीच्या राष्ट्रीय संघाचं दार त्याला बंद होतं.

एकीला लग्नाने देश मिळाला, एकाला रक्ताने, एकाला मातीने. आणि मातीवाल्याला त्यासाठी सज्ञान होईपर्यंत ताटकळावं लागलं. हा क्रम का लागतो? चार पिढ्यांपूर्वी बोटीत बसलेल्या माणसाचं रक्त आजच्या वर्गातल्या बाकापेक्षा वजनदार का ठरतं? मार्च 2025 मध्ये इटलीने रक्ताच्या या वारशाला कात्री लावली. कात्री लावणं बरोबर होतं, असं मला वाटतं. पण ती एकाच बाजूने चालली, आणि तिथेच त्या निर्णयातला न्याय अर्धा राहिला.

आधी मूळ विचार नीट समजून घ्यायला हवा. नातेसंबंधाने इटलीचं नागरिकत्व ‘मिळतं’ असं आपण म्हणतो. जुन्या कायद्याच्या दृष्टीने ते म्हणणंच चूक. अर्जदाराला काही दिलं जात नाही. तो जन्मतःच इटालियन आहे, वकिलात फक्त त्याची ओळख पटवून घेते. साओ पाउलोच्या उपनगरात राहणारा, इटली कधी न पाहिलेला, भाषेचा एक शब्द न येणारा माणूसही या हिशेबाने आयुष्यभर इटालियन होता. त्याला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. पिढ्यांची मर्यादा नव्हती, भाषेची परीक्षा नव्हती, तिथे राहण्याची अट नव्हती. मूळपुरुषाने आपल्या मुलाच्या जन्माआधी परदेशाचं नागरिकत्व घेतलेलं नसलं आणि मधली साखळी कागदावर सलग दाखवता आली, की झालं.

हा उदारपणा आला कुठून? इटलीचं एकीकृत राज्य 17 मार्च 1861 ला घोषित झालं. राज्य नवं होतं आणि गरिबी जुनी. 1865 च्या नागरी संहितेने बापाच्या नागरिकत्वाने मुलाचं नागरिकत्व ठरवलं. त्याच सुमारास माणसं देश सोडू लागली. 1876 ते 1976 या शंभर वर्षांत अडीच कोटींहून अधिक लोकांनी इटलीबाहेरचा रस्ता धरला. त्यातले बरेच परतले, बरेच परतले नाहीत. दक्षिण ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे दो सुल प्रांतात 1875 पासून उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांतातले शेतकरी वसू लागले. 1888 साली ब्राझीलने गुलामगिरी बंद केली आणि साओ पाउलोच्या कॉफीमळ्यांना नवे मजूर लागले; तिकिटाचे पैसे भरून इटालियन कुटुंबं बोटींत चढवली गेली. मळ्यांवरचे हाल इतके वाढले, की 1902 साली इटलीनेच अशा फुकट तिकिटाच्या स्थलांतरावर बंदी घातली.

घरी राहिलेल्या राज्याला या माणसांची माया होती, आणि गरजही होती. परदेशातून येणारा पैसा देशाचा हिशेब सावरत होता. तो सुरक्षित यावा म्हणून 1901 मध्ये खास कायदा करून बांको दी नापोलीवर ते काम सोपवलं गेलं. आपल्या कोकणाने मुंबईच्या मनीऑर्डरींवर दिवस काढले, तसे इटलीतल्या कितीतरी गावांनी न्यूयॉर्क आणि बुएनोस आयर्सच्या पैशांवर काढले. 1912 च्या नागरिकत्व कायद्यात या गरजेची छाया स्पष्ट दिसते. अर्जेंटिना किंवा ब्राझीलमध्ये जन्मलेलं मूल तिथल्या मातीने तिथलं नागरिक होणारच होतं. तरीही ते इटालियनही राहील, असं या कायद्याने म्हटलं. मुलगा तिथला झाला तरी घरच्या कुटुंबपत्रिकेतून त्याचं नाव खोडायचं नाही, असा हा घरधनी विचार होता. त्या काळी तो शहाणपणाचाच होता.

मात्र ‘रक्त’ हा शब्द इथे फसवा आहे. व्यवहारात इटलीने कधीच रक्त तपासलं नाही, कागद तपासले. आणि कागदावर तारखा असतात. मूळपुरुष 17 मार्च 1861 च्या आधी वारला असेल तर तो इटालियन नव्हेच, कारण तेव्हा इटली नव्हती. व्हेनेतो इटलीत आला 1866 साली. ट्रेंतो आणि त्रिएस्ते त्याहून उशिरा. तिथून 16 जुलै 1920 च्या आधी बाहेर पडलेला माणूस ऑस्ट्रिया-हंगेरीचा प्रजाजन ठरतो, मग घरात तो इटालियनच बोलत असला तरी. अशांच्या वारसांसाठी 2000 साली वेगळा कायदा करावा लागला आणि डिसेंबर 2010 मध्ये त्याची मुदत संपली. दोन शेजारी दऱ्यांतले दोन शेतकरी एकाच वर्षी, एकाच बंदरावरून ब्राझीलला गेले, तर एकाचा पणतू इटालियन आणि दुसऱ्याचा नाही, असं होऊ शकत होतं. रक्तात फरक काहीच नव्हता, फरक त्या दिवशीच्या नकाशात होता.

बायकांच्या बाबतीत तर या रक्ताचा पुरता बोजवारा उडाला. बाप इटालियन असेल तर मूल इटालियन. आई असेल तर नाही. परदेशी माणसाशी लग्न केलं, तर नवऱ्याच्या देशाचं नागरिकत्व मिळताच इटालियन बाईचं स्वतःचंही नागरिकत्व जाई. स्त्रीपुरुष समान मानणारी राज्यघटना 1 जानेवारी 1948 ला लागू झाली, पण कायद्यातली ही कलमं घटना न्यायालयाने मोडून काढायला 1975 आणि 1983 हे दोन निकाल लागले. त्यानंतरही वकिलातींनी समानता 1948 पासूनच मोजली. म्हणजे एकाच इटालियन आईची दोन मुलं, मोठा 1947 चा आणि धाकटा 1948 चा; धाकटा इटालियन, मोठा परका. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने ही रेघही पुसली, तरी मोठ्याच्या वारसांना वकिलातीत जाता येत नव्हतं, कोर्टाचीच पायरी चढावी लागत होती. आपण हसू नये. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळण्याची सोय आपल्या कायद्यातही डिसेंबर 1992 मध्येच आली. तोवर आपल्याकडेही परदेशात बापच मोजला जात होता.

कागदांवर चालणारी वंशपरंपरा कशी असते, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली निजामकाळची दप्तरं उघडली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. वंशावळ जुळवा, पणजोबाच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघा, आडनावातला फरक प्रतिज्ञापत्राने दुरुस्त करा. तिथला प्रश्न सामाजिक मागासलेपणाचा आहे, इटलीचा वेगळा आहे. दोन्हींना एका तराजूत घालणं योग्य नाही. पण दोन्हीकडचा अनुभव एकच: शंभर वर्षांपूर्वी एका कारकुनाने कंटाळून काय लिहिलं, यावर आजच्या मुलाचं भवितव्य लटकतं. ब्राझीलमध्ये जुझेप्पेचा जोझे झाला, आडनावातलं एक अक्षर गळालं, की ते परत जोडायला वकील, भाषांतरकार आणि शिक्क्यांची रांग लागते. मूळपुरुषाने नागरिकत्व बदललं नव्हतं, याचाही दाखला लागतो. न घडलेल्या गोष्टीचा दाखला मिळवणं किती जिकिरीचं असतं, हे ज्याने तहसील कचेरीत खेटे घातलेत त्याला समजेल.

आता 1992 या वर्षाकडे यावं लागतं, कारण सगळी गुंतागुंत तिथून वाढली. त्या वर्षी 5 फेब्रुवारीला इटलीने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरी इटलीचं जाणार नाही, अशी मुभा त्यात आली. दोनच दिवसांनी मास्ट्रिख्टच्या करारावर सह्या झाल्या आणि युरोपीय नागरिकत्वाची कल्पना कायद्यात उतरली. या दोन सह्यांनी मिळून इटालियन पारपत्राचा अर्थ बदलून टाकला. पूर्वी तो आजोळचा दाखला होता, आता तो युरोपभर राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना झाला. 2001 च्या अखेरीस अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा वकिलातींसमोर रांगा लागल्या, आणि त्यातले कितीतरी जण इटालियन कागद घेऊन स्पेनला गेले, कारण भाषा तिथली येत होती.

गोव्याच्या वाचकाला यातलं काहीच नवं वाटणार नाही. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होता येतं. ती नोंद झाली, पारपत्र आलं, की बरेच जण लिस्बनकडे वळूनही बघत नाहीत; ब्रेक्झिटपूर्वी त्यांचं तिकीट इंग्लंडमधल्या स्विंडनचं असायचं. गोवेकराला त्याची किंमत मात्र रोख मोजावी लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे पोर्तुगीज झालेल्याचं भारतीय नागरिकत्व जातं, मतदार यादीतलं नावही जातं. ब्राझीलच्या फ्रेल्लोंना असं काही गमवावं लागत नव्हतं. फुकटात मिळणारा आणि काहीच न सोडायला लावणारा हक्क कोण नाकारील? म्हणून मी रांगेतल्या माणसाला दोष देत नाही. त्याच्यासमोर दार उघडं होतं, तो आत आला.

तरीही दाराचा प्रश्न उरतोच. इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आकड्यांनुसार 2014 मध्ये परदेशात राहणारे इटालियन नागरिक 46 लाख होते, 2024 मध्ये ते 64 लाख झाले. वंशाने इटालियन म्हणता येतील असे लोक जगभरात सहा ते आठ कोटी असावेत, असा मंत्रालयाचा अंदाज. खुद्द इटलीची लोकसंख्या सहा कोटींच्या आत आहे. न्यायालयांत साठ हजारांवर दावे पडून होते. डोलोमाइट पर्वतातल्या व्हाल दी झोल्दो या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावातलं नोंदणी कार्यालय ब्राझीलहून येणाऱ्या अर्जांखाली इतकं दबलं, की महापौरांनी निषेध म्हणून कचेरीवर ब्राझीलचा झेंडा लावला. त्यातला विनोद कडवट होता: गावकऱ्याच्या स्वतःच्या बाळाची नोंद खोळंबायची, कारण कारकून 1880 सालातलं बाळ शोधत असायचा.

परदेशातले हे नागरिक मतदारही असतात. 2001 च्या कायद्याने परदेशस्थ इटालियनांना संसदेत स्वतःचे मतदारसंघ मिळाले, आणि 2006 साली प्रोदी सरकारचं सेनेटमधलं काठावरचं बहुमत परदेशातून निवडून आलेल्या सदस्यांच्या जोरावर उभं राहिलं. ज्या देशात आपण राहत नाही, जिथे कर भरत नाही, तिथलं सरकार ठरवण्यात आपला वाटा किती असावा? अभ्यासक आयेलेत शाखार यांनी नागरिकत्वाची तुलना पिढीजात मालमत्तेशी केली आहे: जन्माच्या अपघाताने मिळणारी, कर न लागणारी इस्टेट. मराठीत त्यासाठी अधिक चपखल शब्द आहे, वतन. वतनदार गावात राहो न राहो, काम करो न करो, सनदेवर आजोबांचं नाव आहे म्हणून हक्क चालू. इटलीने परक्या देशांत कोट्यवधी वतनदार निर्माण केले होते, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण वतनदार आहोत याचा पत्ताही नव्हता.

28 मार्च 2025 ला परराष्ट्रमंत्री अंतोनियो ताजानी यांनी या वतनावर वटहुकूम आणला. मे महिन्यात त्याचा कायदा झाला. परदेशात जन्मलेल्या आणि दुसरं नागरिकत्व असलेल्या माणसाला आता आईबाप किंवा आजीआजोबा यांच्यापलीकडे जाता येत नाही. त्या आईबापांपैकी किंवा आजीआजोबांपैकी एकाकडेही फक्त इटलीचंच नागरिकत्व असायला हवं, किंवा आईबापांपैकी एकाने मुलाच्या जन्माआधी, स्वतः नागरिक असताना, सलग दोन वर्षं इटलीत काढलेली हवीत. नागरिकत्व ही गंभीर गोष्ट आहे आणि देशाशी खरं नातं असणाऱ्यालाच ते मिळावं, ही ताजानींची भूमिका.

या तत्त्वाशी माझं भांडण नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1955 सालच्या नोटेबोम खटल्यात हेच म्हटलं होतं: नागरिकत्वामागे खरीखुरी जवळीक हवी, नुसता शिक्का नको. एप्रिल 2025 मध्ये युरोपीय न्यायालयाने माल्टाची पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजना बेकायदा ठरवली, तीही जवळजवळ याच विचाराने. पैशाने विकत घेता येत नसेल, तर मृत पणजोबांच्या नावावर उचलता तरी का यावं?

आक्षेप मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला कृतज्ञतेचा. बाहेर गेलेल्यांच्या पैशांवर देश जगला आणि आता त्यांच्याच नातवंडांना कोण तुम्ही म्हणून विचारतो, हे कसं? दुसरा आक्षेप मला जास्त खोल वाटतो. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये कशियस दो सुल आणि बेन्तो गोन्साल्व्हिसच्या द्राक्षमळ्यांत आजही ‘तालियान’ बोलली जाते, व्हेनेतोच्या बोलींतून घडलेली भाषा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्राझीलच्या व्हार्गास सरकारने ती बोलण्यावर बंदी आणली, तरी लोकांनी ती घरात जपली; 2014 साली ब्राझीलने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जी बोली इटलीतल्या नव्या पिढ्या विसरत आहेत ती जपणाऱ्या म्हातारीला ‘तुझं इटलीशी खरं नातं नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

उत्तर असं देता येईल: नातं आहे, आणि ते सुंदर आहे, पण प्रत्येक नात्याचं रूपांतर मताधिकारात व्हावंच असं नाही. तंजावरच्या मराठी घराला महाराष्ट्राने आपलं म्हणावं, त्याच्या मोडी कागदांची काळजी घ्यावी. त्यासाठी त्याला नागपूरच्या अधिवेशनात जागा द्यावी लागत नाही. संस्कृतीचं ऋण संस्कृतीनेच फेडावं. शिष्यवृत्त्या द्याव्यात, भाषा शिकवावी, येऊन राहायची वाट मोकळी करावी. नव्या कायद्यात तशी थोडी सोय आहे: जिथे इटालियन मोठ्या संख्येने गेले अशा देशांतल्या वंशजांना परदेशी कामगारांच्या कोट्याबाहेर येऊन काम करता येईल, आणि आईबाप किंवा आजीआजोबा इटालियन असलेल्याला दोन वर्षं राहिल्यावर नागरिकत्व मागता येईल. मला हा मार्ग पटतो. तालियान बोलणाऱ्या म्हातारीच्या नातवाने खरंच तिकडे जाऊन राहावं. दोन वर्षांत तो कोणाही व्हेनेतोकराइतका व्हेनेतोकर होईल.

पण पद्धत? ती पटत नाही. एका शुक्रवारी वटहुकूम निघाला आणि आदल्या रात्री, 27 मार्चच्या 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत ज्यांचे अर्ज नोंदले गेले किंवा ज्यांना अर्जाची तारीख कळवली गेली तेवढेच जुन्या नियमात राहिले. वकिलातीची तारीख मिळावी म्हणून वर्षानुवर्षं थांबलेले एका रात्रीत बाहेर गेले. त्याहून खटकते ती कायद्याची भाषा: अशा माणसाला नागरिकत्व ‘कधी मिळालंच नव्हतं’ असं मानावं. काल जो जन्मतः नागरिक होता तो आज जन्मापासून परका. पुढच्या पिढ्यांसाठी हक्क थांबवणं हा राज्याचा अधिकार आहे, पण घडून गेलेली गोष्ट घडलीच नव्हती म्हणणं हे विश्वासाला धरून नाही. वतनं आपणही खालसा केली, पण वतनदार कधी होताच कोण, असं नाही म्हटलं. रीतसर कायदा करून, पुढच्या तारखेपासून केली.

आता मूळ मुद्द्याकडे. खरं नातं हा निकष ठरला, उत्तम. मग तो दुसऱ्या बाजूलाही लावायला हवा. 1992 च्या ज्या कायद्याने परदेशातल्या वंशजांसाठी दुहेरी नागरिकत्वाचं दार उघडलं, त्याच कायद्याने युरोपीय संघाबाहेरून येऊन इटलीत राहणाऱ्यांची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षं केली. भाषेची परीक्षाही नंतर लागली, पण ती येऊन राहिलेल्यांना आणि लग्नाने नागरिक होणाऱ्यांना. खापरपणजोबा असलेल्याला नाही. आणि इटलीत जन्मलेलं परदेशी आईबापांचं मूल? त्याने अठरा वर्षं सलग तिथेच राहावं, मग एका वर्षाच्या आत अर्ज करावा.

या मुलांत आपलीही मुलं आहेत. पो नदीच्या खोऱ्यातल्या, पार्मेझान चीजसाठी दूध देणाऱ्या गोठ्यांत पंजाबी माणसं 1980 च्या दशकापासून धारा काढत आहेत. तिथल्या नोव्हेलारा गावात 2000 साली उघडलेला मोठा गुरुद्वारा त्यांचाच. रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात भाजीपाल्याच्या शेतांवर वाकलेले हातही बहुतांशी पंजाबी आहेत. ही जमीन एके काळी दलदल होती. मुसोलिनीच्या काळात ती कोरडी करून तिथे व्हेनेतोचे भूमिहीन शेतकरी आणून बसवले होते. ज्या गरिबीने एका व्हेनेतोकराला ब्राझीलला नेलं तिनेच दुसऱ्याला लातिनाला आणलं, आणि आज त्याच्या जागी जालंधरचा माणूस उभा आहे. जून 2024 मध्ये तिथे एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून घरासमोर टाकून दिलं गेलं, आणि तो दगावला. त्याच्याकडे कागद नव्हते. शतकभरापूर्वी ब्राझीलच्या कॉफीमळ्यावर हाच अनुभव घेणाऱ्या माणसाचे पणतू कागदांच्या जोरावर इटालियन होत होते.

वटहुकूमानंतर दहा आठवड्यांनी, 8 आणि 9 जून 2025 ला इटलीत सार्वमत झालं: दहा वर्षांची मुदत परत पाच करावी का? पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी मतदान केंद्रावर गेल्या, पण मतपत्रिका न घेता परतल्या. मतदान सुमारे 30 टक्के झालं. निम्म्याहून अधिक मतदारांनी मत दिल्याशिवाय निकाल ग्राह्य धरला जात नाही, त्यामुळे सार्वमत फसलं. जे आले त्यांच्यातलेही एक तृतीयांशाहून अधिक लोक ‘नको’ म्हणून गेले. म्हणजे सगळा दोष सरकारवर टाकून मोकळं होता येत नाही. परदेशातल्या अनोळखी पणतूला सामावून घेताना जे मन मोठं होतं, ते शेजारच्या बाकावरच्या मुलाला बघून आक्रसतं. याआधी 2015 साली शाळेत शिकलेल्या मुलांसाठीचं विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं होतं; 2017 च्या नाताळाच्या तोंडावर सेनेटमध्ये गणपूर्तीअभावी ते मेलं. आणि गंमत म्हणजे 2024 साली खुद्द ताजानींच्या पक्षानेच दहा वर्षं शाळा शिकलेल्या मुलांना नागरिकत्व देण्याचा मसुदा मांडला होता. युतीतल्या मित्रांनी तो पुढे जाऊ दिला नाही. म्हणजे काय करायला हवं हे त्यांना ठाऊक आहे.

2024 मध्ये इटलीत पावणेचार लाखांहूनही कमी बाळं जन्मली. शाळांत नऊ लाखांवर मुलं परदेशी नागरिक म्हणून शिकतात, आणि त्यांच्यातली जवळपास दोन तृतीयांश इटलीतच जन्मलेली. देशाला माणसं हवी आहेत आणि माणसं देशातच आहेत. तरी ती मोजायची कशी, हे ठरत नाही, कारण मोजपट्टी अजून वतनाचीच आहे.

आपल्याकडे हा वाद एकदा जमिनीवरून होऊन गेला. सातबाऱ्यावर नाव शहरात बसलेल्या मालकाचं आणि घाम कुळाचा. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा तेव्हा अनेकांना अधर्म वाटली होती. बापजाद्यांचा हक्क असा कसा काढून घेता, असं विचारलं गेलं. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कूळ कसत असलेल्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, कुळं फसवलीही गेली, हे खरं. पण हक्क कागदावरच्या नावातून येत नाही, तो राबण्यातून येतो, हे तत्त्व आपण मान्य केलं. देशाच्या बाबतीतही तेच लागू व्हावं. वसेल त्याचा देश. वंश पुरता पुसावा असं मी म्हणत नाही. आईबापांचं, फार तर आजीआजोबांचं नातं धरावं. त्यापलीकडच्यांनी येऊन राहावं, भाषा शिकावी आणि मागावं. आणि जो आधीच राहतो आहे, भाषा बोलतो आहे, त्याला मागायलाही लावू नये. एका हाताने लांबचे वतनदार कमी करून दुसऱ्या हाताने घरातल्या कुळालाही दारातच उभं ठेवलं, तर तो सुधारणेचा कायदा उरत नाही. ती नुसती दारं लावून घेण्याची सवय होते.

लुझियानाच्या मुलीला भारताने लग्नाच्या नात्यावर आपलं मानलं. पुढे मतदारांनी तिला लोकसभेत पाठवलं, आणि तिच्या मुळावरून तिच्याशी भांडणारेही पाच महिन्यांत महाराष्ट्रात तिच्या पक्षाबरोबर सत्तेत बसले. राष्ट्रं माणसं सामावून घेतात ती अशीच, भांडत आणि सवय होत. इटलीतल्या मुलांना एवढीही संधी लवकर मिळत नाही. नोव्हेलारात जन्मलेला, 2025 च्या सप्टेंबरात पहिलीच्या वर्गात बसलेला सहा वर्षांचा पंजाबी मुलगा, त्याआधी त्याच्या आईबापांना नागरिकत्व मिळालं नाही आणि कायदा आहे तसाच राहिला, तर नागरिकत्वाचा अर्ज 2037 साली करू शकेल.